टेंगूळ

पहिल्यांदा ते फळ घरात आलं तेव्हा
सासूबाईंनी हातातही घेतलं नाही.
"पडलंय का हे कुठे?" म्हणाल्या,
कारण देठापाशी त्याच्या टेंगूळ होतं,
पोर अडखळून कपाळावर घेऊन येतं तसं,
आणि साल अशी खरबरीत
की पेटीतल्या शेजाऱ्यानं अंग चोरावं.

संत्र्यांच्या दोन घराण्यांचं लेकरू.
एकाचा पराग दुसऱ्याच्या फुलावर
कुंचल्यानं टेकवला कुणी सरकारी माणसानं,
वर्षांनी फळ धरलं, तेव्हा वहीत शेरा मारला:
रूप नाही. आंबट.
ज्यांनी जन्माला घातलं त्यांनी नाव ठेवलं नाही,
नावं मात्र ठेवली.

इसाकुनं तरीही डोळे भरले.
समुद्राकडे उतरणाऱ्या आमच्या टप्प्यांवरची
चांगली फळती झाडं कंबरेतून कापली,
खुंटावर परक्याची काडी, वर पट्टी घट्ट.
मिझोकामी म्हातारा खालच्या बांधावरून ओरडायचा,
"झाडांचे बांधलेस, आता स्वतःचे उघड!"
तीन वर्षं मी बंदरावर शिंपले निवडले.
हातांचा वास लिंबानंही जाईना.

आणि मग आलेलं फळ
खरंच आंबट.
जानेवारीतलं, दात शिवशिवणारं.
पेट्या कोठारात ढकलल्या, अंधारात,
आणि एक पोत्यांमागे विसरलो.
मार्चमध्ये उंदीर शोधायला गेला इसाकु
तो परत येईना.
जाऊन बघते तर जमिनीवर बसलेला,
हनुवटीवरून रस,
आणि माझ्याकडे बघून नुसता म्हणाला,
"मुरलंय."

आता शहरातून मागणी येते:
टेंगूळ ठळक असावं.
आता एक यंत्र सालीतून उजेड पाठवतं
आणि फळाच्या पोटातलं सांगतं.
गोडी तेरा, आंबटपणा एकाच्या आत,
तरच ते नाव, ती चिकटपट्टी, तो भाव.
बाकीची त्याच झाडाची, त्याच उन्हाची,
पण बिननावाची.

यंदाच्या पेट्यांवर खडूनं लिहिलंय
"नऊ जानेवारी, वरचा टप्पा."
नऊचा आकडा तो नेहमीच उलटा वळवायचा.
एकवीसला इसाकु गेला.
पेट्या मुरत राहिल्या.
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

काल संघाचा कुरोगी आला यंत्र घेऊन.
फळ ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.
बारा पूर्णांक आठ.
मान खाली घातली त्यानं, जणू साखर त्यानंच खाल्ली.
"नावात बसत नाही, किनुए-सान."
मी म्हटलं, चहा घे.

आमच्या या किनाऱ्याला जुनं नाव आहे.
उन्हाळा सरताना, अमावास्येच्या रात्री
पाण्यावर दिव्यांची रांग लागते म्हणतात,
एकाचे दोन, दोनाचे शंभर,
जवळ जावं तर मागे सरकणारे.
कुणाचे, कुणालाच कळलं नाही.
तेव्हा लोकांनी न कळण्यालाच नाव केलं,
अनोळखी आग,
आणि तेच गावाला दिलं, गावानं फळाला.
मी चाळीस वर्षं टेकडीवर जाऊन बघतेय.
मला फक्त कोळ्यांच्या होड्या दिसल्या.
इसाकु म्हणायचा, दिसली,
आणि कुठे ते सांगायचा नाही.

नातीनं, चिहारुनं, आज विचारलं,
"आजोबांची आहेत ना ही? खाऊ?"
टेंगळात अंगठा रोवला तिनं.
तिथूनच सुटते साल, तेवढंच त्याचं काम,
मूठ असावी दाराला तशी.
आत बी नाही. फोडी पातळ कातडीच्या.
एक तिनं माझ्या तोंडात कोंबली.

गोड. मग शेवटी, जिभेच्या कडेला,
ते दोन दशांश.

"अजून एक?" ती म्हणाली.
घे, म्हटलं, पण वरची घे,
पेटी हलवू नकोस,
खडू पुसतो.